फक्त ओठ हलवा

ऐन लग्नसराईत हे मंगल कार्यालय पंधरा दिवस आम्हाला मोकळं करून देणारे आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय माणिकचंदजी, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले आणखी सात पाहुणे, हे गायन शिबिर भरवणाऱ्या सूरमोहर मंडळाचे सचिव श्री. गोपीचंदजी, आमचे गुरुजी दौलतराव, माझे सहशिबिरार्थी आणि समोर निमंत्रणपत्रिकेने वारा घेत बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार.

निवेदक नमन यांनी मला दोन शब्द बोलण्याची विनंती केली आणि माइक हातात देताना कानात सांगितलं, "ताई, पाच मिनिटांत उरका." मी घड्याळ लावून बोलेन. मात्र व्यासपीठावरच्या नऊ जणांच्या सत्काराला पन्नास मिनिटं लागली, हेही मी घड्याळ लावूनच पाहिलं आहे. शेलूबाजारात त्रेचाळीस अंश तापमान असताना नऊ माणसांच्या अंगावर नऊ लोकरी शाली घातल्या गेल्या. त्यांच्या सहनशक्तीचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आधी आभार मानून घेते. पुढे ते राहून जातील, असं माझ्या स्वभावाकडे पाहून वाटतं. माणिकचंदजींनी जागा दिली, रोज सकाळी गार पाण्याचे जार आले, दहा वाजता पोहे मिळाले. एकवीस शिकणारे आणि सहा पेट्या, त्यातल्या एका पेटीची एक पट्टी बोट लावायच्या आतच वाजायची. तरी दौलतरावांनी कोणावर आवाज चढवला नाही. पस्तीस ते एकाहत्तर वयाच्या माणसांना सा शिकवणं म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. आमच्यातले एक गृहस्थ पाच दिवस पेटीचा भाता उघडायलाच विसरत होते आणि पेटी बिघडली म्हणून तक्रार करत होते. हसू नका, ते समोरच बसले आहेत.

आभार झाले. आता जे सांगणार आहे ते सांगताना मला किळस येते आहे. सौम्य शब्द मी शोधला, मिळाला नाही.

आमच्या शिबिरात तुळसाबाई आहेत. तिकडे खांबाजवळ, शेवटून दुसऱ्या रांगेत, निळ्या पातळात. मान खाली घालू नका, बाई. तुळसाबाई मेडशीच्या. एसटीत कंडक्टर होत्या, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. रोज पहाटेची गाडी धरायची, मालेगावला उतरून दुसरी गाडी पकडायची आणि आठच्या ठोक्याला इथे सतरंजीवर हजर. पंधरा दिवसांत एक खाडा नाही. मी इथून चार गल्ल्या पलीकडे राहते, माझे तीन खाडे आहेत.

तिसऱ्या दिवशी दौलतरावांनी प्रत्येकाची पट्टी ठरवली. एकेकाला 'आ' लावायला सांगून ते पेटीवर त्याचा सा शोधत होते. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, बायका साधारण काळी चारमध्ये गातात, पुरुष काळी एकमध्ये, म्हणजे बरंच खाली. बायका एकेक करून काळी चारच्या आसपास बसल्या. तुळसाबाईंनी तोंड उघडलं आणि गुरुजींचं बोट पेटीवर खाली, खाली, खाली सरकत काळी एकवर येऊन थांबलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं. तुळसाबाई शांतपणे म्हणाल्या, "पंचवीस वर्सं स्टँडवर गावं वरडलो, गुरुजी. जे उरलं ते हे आहे."

दौलतराव हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून तो आवाज पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "बाई, हा आवाज गर्दीत घालाचा नाही. याले एकटं म्हनू द्या." आणि आमच्यासाठी त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्याचं दुसरं कडवं त्यांनी एकट्या तुळसाबाईंना दिलं. बरोबर ना, गुरुजी? मान हलवली तरी चालेल. धन्यवाद.

पुढचे दहा दिवस ती बाई त्या दोन ओळींमागे लागली होती. पोहे खातानासुद्धा बोटांनी ताटलीवर मात्रा मोजायची. दोन ओळींसाठी एवढा जीव टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि परवा गोपीचंदजींनी मला बाजूला घेतलं. सचिव महोदय, मी एक शब्दही पदरचा घालणार नाही. आपण म्हणालात, "भागिरथीताई, तुमचं बोलनं गोड आहे, तुमीच सांगा तिले. व्हिडिओ निघून राह्यला, पाहुने येऊन राह्यले. बाईच्या तोंडून बाप्याचा आवाज निघाला तं लोक हासतीन. ते कडवं काढून टाकलं. मांगच्या लाइनीत उभी राह्य म्हना अन् फक्त ओठ हलव म्हना."

मी दौलतरावांकडे पाहिलं. दौलतराव पेटीचं झाकण पुसत होते. पुसून झालेलं झाकण ते पुन्हा पुसत होते.

आता श्रोत्यांना वाटेल की मी गोपीचंदजींना चार शब्द सुनावले असतील. माझ्या जिभेची ख्याती या तालुक्यात आहे. नाही सुनावले. मी गेले आणि सांगितलं. फार सुसंस्कृतपणे सांगितलं. "तुळसाबाई, वेळ कमी आहे, सगळ्यांच्याच ओळी कापल्या आहेत, वाईट वाटून घेऊ नका." हे खोटं होतं. कापल्या फक्त त्यांच्याच होत्या. चौतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली, लोकांचे आवाज लोकांपर्यंत पोहोचवायचा पगार घेतला, आणि परवा मी ही लाइन तोडून आले.

तुळसाबाई म्हणाल्या, "तिकीट फाडून देल्लं तुमी, अन् आता आर्ध्या रस्त्यात उतरवून राह्यले?" मग त्यांनीच मला सोडवलं. "जाऊ द्या, बाई. हालवतो ओठ."

त्या आवाजात राग असता तर मी घरी जाऊन जेवले असते.

चिठ्ठी आली आहे. 'वेळ.' एवढंच लिहिलं आहे. पाहिली, खाली ठेवते.

अर्ध्या तासापूर्वी आम्ही या व्यासपीठावर समूहगान सादर केलं. आपण टाळ्या वाजवल्यात. मागच्या रांगेत तुळसाबाई उभ्या होत्या आणि सांगितल्याप्रमाणे ओठ हलवत होत्या. गाणं संपवून मी पाण्याच्या जारपाशी गेले, तर तिथे एक गृहस्थ उभे. रऊफभाई. कामरगावचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तुळसाबाईंबरोबर एकाच गाडीवर अकरा वर्षं होते. मला विचारतात, "म्याडम, तुळसाताई म्हनून राह्यली होती का? लै कान लावला. आवाज तं काई आला नाही."

मी विचारलं, तुम्ही त्यांचं गाणं कधी ऐकलं आहे का? तर म्हणाले, "गाडी रिकामी असली का म्हने थे. म्या म्हनो, ताई, पॅसिंजर असतानी म्हना ना, त्याइले बी आयकू द्या. तं म्हने, ड्युटीवर आहो रऊफभाऊ, रिटायर झाल्यावर सगळ्याइसमोर म्हनतो. तिनं फोन केला का या तारखेले या. म्हनून आलो." दोन गाड्या बदलून हा माणूस आला आहे. एवढंच ऐकायला.

आता या ट्रॉफीबद्दल. सोनेरी रंगाची वीणा आहे, प्लॅस्टिकची आहे, खाली कोरलं आहे: उत्कृष्ट गायिका. मघाशी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते मला मिळाली. गोपीचंदजींनी माझ्या गोड गळ्याबद्दल दोन वाक्यंही सांगितली.

सभ्य स्त्रीपुरुषहो, या शिबिरात मी एकही सूर गायलेला नाही.

थांबा, नमन, पूर्ण करू द्या. मी नऊ वर्षांची होते. कॉन्व्हेंटमध्ये ख्रिसमसच्या गाण्यांची तयारी चालली होती. संगीताच्या सिस्टर रांगेतून कान देत आल्या, माझ्यापाशी थांबल्या, वाकल्या आणि अतिशय गोड इंग्रजीत म्हणाल्या की तू फक्त ओठ हलव, बेटा. तेव्हापासून आजतागायत मी ओठ हलवते आहे. राष्ट्रगीताला हलवले, आरतीला हलवले, स्वतःच्या नातवाच्या बारशाला पाळणा म्हणताना हलवले. शेजारचीलासुद्धा कळत नाही, इतकी माझी तयारी आहे. या वर्षी हिंमत करून नाव नोंदवलं. तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली, तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगितलं. गुरुजींनी माझ्या साडीकडे पाहून मला काळी चार लिहून टाकली. पुढच्या रांगेत मध्यभागी उभं केलं. मी पंधरा दिवस ओठ हलवले, आणि मंडळाने मला उत्कृष्ट गायिका ठरवलं.

म्हणजे या मंडळात कोणी ऐकतच नाही. बघतात. रेशमी साडी दिसली की आवाज गोड लागतो, आणि तोंडावर पंचवीस वर्षांचं ऊन दिसलं की आवाज बाप्याचा लागतो. यांना गाणं नको आहे, गाण्याचा फोटो हवा आहे. शिसारी येते मला याची. आणि सर्वांत जास्त माझी येते. नऊ वर्षांच्या पोरीला जे सांगितल्याने माझा गळा पंचावन्न वर्षं बंद राहिला, तेच शब्द, त्याच गोडव्याने, मी दुसऱ्या बाईला जाऊन सांगितले. सिस्टरांकडून मी शिकले असेन तर एवढंच शिकले.

दुसरी चिठ्ठी. 'कृपया आवरा.' आवरते, गोपीचंदजी.

ही ट्रॉफी मी इथे टेबलावर ठेवते. उद्घाटनाला वगैरे पुन्हा वापरता येईल, नाव कोरलेलं नाही.

माझं भाषण संपवायला आणखी दोन-तीन मिनिटं मिळतील असं धरते. ती मला नको आहेत. अध्यक्ष महोदय, ती मी तुळसाबाईंना दिली तर आपली हरकत आहे का? नाही ना? आपण मान हलवलीत, सगळ्यांनी पाहिलं.

माइकवाल्या अर्पित, तो माइक बंद कर रे बाबा, त्या आवाजाला त्याची गरज नाही. पंखेही दोन मिनिटं बंद करा. घाम आला तर येऊ द्या, शालवाल्यांनी आपली शाल काढून ठेवली तर मला तरी अपमान वाटणार नाही. दौलतराव, झाकण पुसायचं राहू द्या. उघडा ते. काळी एक. दुसरं कडवं. मला पाठ आहे ते, त्यांच्याकडूनच ऐकून पाठ झालं:

वाट माह्या पायी चाले, मी वाटेच्या पायी,
हाक देशीन तिथं थांबन, घाई काही नाही.

रऊफभाई, पुढे या, इथे खुर्ची रिकामी आहे. माझीच आहे.

तुळसाबाई, चला. काय म्हणता? जोरात बोला, इथे ऐकू आलं नाही. "लोक हासतीन"? हसू द्या की. पंचवीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून भांडणारे पॅसेंजर सांभाळलेत तुम्ही, आणि नऊ शालींना घाबरता? या. जिना नीट चढा, दुसरी पायरी हलते.

समारोपाची रीत म्हणून सांगते. माझ्या बोलण्यात काही कमी-अधिक झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर व्यासपीठाची क्षमा मी उद्या घरोघर जाऊन मागेन. आज क्षमा मागायची आहे ती एकाच व्यक्तीची. तुळसाबाई, परवा मी तुमच्याशी खोटं बोलले. मला माफ करा. केलं नाहीत तरी गा.

मी इथे बाजूला उभी राहते आहे. या वेळी ओठ हलवणार नाही, मिटून ऐकणार आहे.

घ्या सूर, गुरुजी. आणि बाई, डबल बेल तुम्हीच द्या.