बांधीत उतरलेली दुर्बीण

आमच्या देवरीकडच्या पोलीस पाटलाची अक्कल सांगतो, ऐका. धानाच्या बांधीत आभाळातून हवाई छत्रीला लटकलेलं एक यंत्र उतरलं. त्यात भला मोठा आरसा.

पाटील म्हणे, "देव आला!"

मी म्हटलं, "हात नोको लावू. ज्याचं हाये तो येईल."

"बुढ्या, तुले काय समजते?" म्हणत त्यानं कुंकू लावलं आन् आरशावरच नारळ फोडला.

संध्याकाळी ते यंत्र शोधत जीपनं एक शास्त्रज्ञ साहेब आले. तडकलेल्या आरशावरून बोट फिरवत म्हणाले, "अहो, तारे जन्मतात तिथली धग पाहणारी दुर्बीण ही! फुग्याला बांधून पुन्हा वर सोडायची होती."

पाटील हात झटकत म्हणाला, "मंग सोडा ना साहेब! मुहूर्ताचा नारळ त मी फोडूनच ठेवला हाये."