समोर, चार हातांवर, माझं घर

...नाही नाही, खांबाबद्दल माझी तक्रार नाहीच! खांब चांगला आहे. रोमन आहे. सतराशे वर्षं जागचा हललेला नाही आणि यापुढेही हलणार नाही, हीच तर अडचण आहे, कारण तो उभा कुठे आहे? माझ्या खोलीत. कोपऱ्यात नव्हे, मधोमध. खांब मधोमध म्हणून पलंग तिरका, पलंग तिरका म्हणून कपाट दाराला चिकटलेलं, कपाट चिकटलेलं म्हणून दार अर्धंच उघडतं, आणि दार अर्धंच उघडतं म्हणून मी, एवढा दांडगा माणूस, पोट आत ओढून खेकड्यासारखा आडवा आत शिरतो. न्हाणीघर? ते कपाटातच आहे! डावं दार उघडलं की हँगर, उजवं उघडलं की शॉवर. पहिल्याच दिवशी मी कोट शॉवरमध्ये टांगून आलो. पण हेही चालवून घेतलं असतं, तुम्हाला सांगतो. जन्मभर फेरीबोटीवर स्वयंपाक केलाय, बोटीवरची केबिन याहून लहान. सगळं सोसलं असतं हो... पण खिडकी उघडली की समोर, चार हातांवर, माझं स्वतःचं घर!

आता तुम्ही म्हणाल, घर समोर आहे तर जेर्को, तू हॉटेलात कशाला मरायला गेलास? बरोबर आहे. मीही रोज दाढी करताना स्वतःला हेच विचारतो. तर त्याचं असं आहे, आमच्या ह्या समुद्राकाठच्या स्प्लिट शहरात उन्हाळा आला की माणसं घराबाहेर आणि भाडं देणारे पाहुणे घरात. शेजारचा शिमे गॅरेजमध्ये झोपतो, मोटार रस्त्यावर झोपते. वरच्या मजल्यावरची पेरिना म्हातारी एप्रिलमध्ये लेकीकडे जाते ती पानगळीला परत येते. अख्ख्या गल्लीत राहिलो होतो आम्ही दोघं, मी आणि माझी बायको नेडा. मी सगळ्यांना बजावून सांगायचो, माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या खुर्चीत परका माणूस बसणार नाही! नेडा काही बोलायची नाही. आता नेडा बोलत नाही याचा अर्थ तिला पटलंय असा घेणारा मी एकटाच मूर्ख. बाईने उभा जन्म शाळेत गणित शिकवलंय. एक दिवस माझ्या ताटात मासा वाढता वाढता म्हणाली, "ह्या उन्हाळ्यात घर पाहुण्यांना देऊ. मी बेटावर टोंकाकडे जाते. एक हंगाम करून बघू. पाहुण्यांची एक जरी तक्रार आली, तर पुन्हा नाव काढणार नाही, तू आणि तुझी खुर्ची. नाही आली, तर दर वर्षी." आणि मी काय केलं? मी हो म्हणालो! का? तोंडात काटा होता.

टोंका म्हणजे नेडाची बहीण. तिच्याकडे मीही गेलो असतो, पण टोंकाला वाटतं तिला स्वयंपाक येतो. एका चुलीपाशी दोन स्वयंपाकी, आणि त्यातला एक टोंका... नको! दर रविवारी बोटीने जाऊन तिच्या हातचं जेवावं लागतं तेवढी शिक्षा पुरे आहे. मग मी राहायचं कुठे? तर बेपोकडे. बेपोचं स्वस्तातलं हॉटेल आमच्याच गल्लीत, आमच्याच खिडकीसमोर. आणि बेपो माझा कूम. म्हणजे माझ्या लग्नात माझ्या बाजूला उभा राहिलेला साक्षीदार. हे नातं भावापेक्षा वरचं, का, तर भावाशी भांडता येतं. कूमशी नाही! भावाला सांगता येतं की तुझ्या हॉटेलातली उशी म्हणजे आत मोजे भरल्यासारखी आहे. कूमला कसं सांगणार? तो तर पैही घेत नाही माझ्याकडून. वर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "कूम, ही खांबाची खोली मी मुद्दाम तुझ्यासाठी ठेवली. लोक मागतात रे, मी देत नाही." घ्या! आता बोला!

आणि त्याच्या काउंटरवरची ती तिहाना. पोरगी आतल्या मुलखातली, हंगामापुरती कामाला आलेली, गुणाची आहे, पण बेपोने तिला सांगून ठेवलंय की प्रत्येक पाहुण्याशी सारखं वागायचं. म्हणून पहिल्या दिवशी मला म्हणते, "स्प्लिटमध्ये आपलं स्वागत आहे सर, पहिल्यांदाच आलात का?" मी म्हटलं, अगं पोरी, मी इथेच जन्मलो, त्या समोरच्या खिडकीच्या आत. ती म्हणाली, "छान. मग नकाशा देऊ का?" आणि दिला! वर पेनाने गोल काढून दाखवले, हा राजवाडा, हा मासळीबाजार, आणि इथून वळायचं. जिथून वळायचं ते माझ्या घराचं दार.

राजवाड्यावरून आठवलं. कुठल्याशा रोमन बादशहाने म्हातारपणी आरामात राहायला म्हणून तो इथे बांधला, आणि त्याच्याच भिंतींना टेकून आमची सगळ्यांची घरं. म्हणजे माणूस माझ्यासारखाच निवृत्त झालेला. पण त्याला बायकोने समोरच्या हॉटेलात नाही पाठवलं!

सकाळी उठावं तर गल्लीतून बॅगांची चाकं, दगडांवर खडखडखड, डोक्यातून गेल्यासारखी. खाली यावं तर न्याहारीला पिशवीतला पाव, डबीतलं लोणी आणि यंत्रातली कॉफी. बटण दाबायचं, कॉफी. अरे, कॉफी काय प्यायची वस्तू आहे? कॉफी बसायची वस्तू आहे! आणि बसू कुठे? बाकावर बसलो, उठलो. बंदरावर गेलो, आलो. पलंगावर पडलो, तिरका, खांबाशी दोन गोष्टी केल्या, उठलो. शेवटी खिडकीत. आणि समोर, चार हातांवर, माझं घर, माझ्या पडद्यांमागे परकी माणसं फिरताहेत, आणि एकाचीही तक्रार नाही! पहिल्यांदा जर्मन आले, त्यांनी जाताना माझी शेगडी घासून ठेवली. मग दोन वयस्क बहिणी आल्या, त्यांनी माझ्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं. मी देवाला म्हटलं, एक तरी खडूस पाठव रे.

तर देवाने डच पाठवले. योस्ट आणि लोट्टे. नवरा शिडाच्या काठीएवढा, बायको तेवढीच, आणि सोबत रांगतं पोर, पिम. आणि आल्या आल्या त्यांनी काय केलं? गल्लीकडची खिडकी उघडली... आणि अंगणाकडचीही उघडली!

दोन्ही! एकाच वेळी!

नाही, तुमच्या लक्षात येतंय ना? आरपार वारा! आमच्याकडे लहान मूल पहिला शब्द आई म्हणतं आणि दुसरा शब्द "खिडकी लाव". अहो, साधं दार उघडं राहिलं तर अख्खी बस ड्रायव्हरवर ओरडते. माझी आजी आरपार वाऱ्याने गेली. होती नव्वदीच्या पुढे, पण गेली वाऱ्यानेच, सगळ्यांना माहीत आहे! आणि त्यात त्या आठवड्यात युगो सुटलेला. युगो म्हणजे दक्षिणेचा वारा, दमट, चिकट, तो सुटला की पाव शिळा लागतो, नवरा-बायको भांडतात आणि कुणी कुणाचा राग धरत नाही, कारण दोष वाऱ्याचा. तशा वाऱ्यात दोन्ही खिडक्या सताड! बाई ओल्या केसांनी फिरतेय, म्हणजे मेंदूला सूज. बाप दगडी फरशीवर अनवाणी, म्हणजे मूत्रपिंड गेलं. आणि पोर? पोर त्याच फरशीवर, नागडं, मधोमध, जिथून वारा जातो बरोबर तिथे!

आणि मला काय झालं सांगू? आनंद झाला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, जेर्को, जिंकलास. उद्या शिंका, परवा ताप, तेरवा तक्रार, की घर बाधलं म्हणून. फक्त बसून राहायचं. बसलो. उठलो. खांबाला एक फेरी मारली. परत बसलो. तिकडून पोर खिदळतंय, वारा त्याच्या जावळातून जातोय, मला इथून दिसतोय हो! शेवटी नाही राहवलं. आमच्या खिडकीपासून बेपोच्या खिडकीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी आहे, दोन्हीकडे चाक, इकडून ओढली की तिकडे जाते. मी माझ्या सपाता काढल्या, चिमट्याने दोरीला लावल्या, पुढे माझा लोकरी मोजा लावला, पोराला टोपी म्हणून, आणि लागलो ओढायला. चाक कुरकुरत चाललंय, सपाता निघाल्यात वाऱ्यावर डुलत. खिडकीत पोचल्या. योस्टने पाहिलं, बायकोला बोलावलं, दोघं हसली, फोटो काढला, आणि दोरीवरून मला परत काय पाठवलं? चीज! सपाता ठेवून घेतल्या, खिडकी उघडीच!

मग मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, अरे, आपण जर तिकडे जाऊन उभे राहिलो तर? किल्ली आहे खिशात. पाहुण्यांच्या घरात परका म्हातारा बनियनवर शिरतो, हवं ते बोलतो, याहून मोठी तक्रार जगात आहे का? म्हणजे खिडकी तर खिडकीही लागते आणि घर तर घरही मिळतं!

गेलो. दार वाजवलं न वाजवलं, आत. धाड, धाड, दोन्ही खिडक्या लावल्या. माझं इंग्रजी बोटीवरचं, "बसा", "खा" आणि "तिथे उभे राहू नका", तेवढं सगळं वापरलं. बाईच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. शेगडीवर त्यांनी काहीतरी शिजवत ठेवलं होतं, झाकण काढून पाहिलं, झाकण ठेवलं, आणि सगळं ओतून दिलं! म्हटलं, आता तरी चिडा. मासळीबाजारातून मासे आणले, रस्सा केला, पालेभाजीत बटाटे घातले, लसूण ठेचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी फिरायला जायचं ठरवलं होतं, मी म्हटलं, युगोत? वेडे झालात? बसा, खा! योस्ट म्हणाला, थँक यू. डोकं फिरलं माझं. काय माणसं आहेत ही? दुसरं कुणी असतं तर पोलीस बोलावले असते!

आणि एका संध्याकाळी, रस्सा उकळत होता, आईबाप ताटं मांडत होते, पोर कुरकुर करायला लागलं. मी उचललं आणि सवयीने बसलो. माझ्या खुर्चीत. किती दिवसांनी, तुम्हाला सांगतो... त्या खुर्चीला माझ्या पाठीचा खड्डा आहे, तो तसाच होता, कुणी बुजवला नव्हता. पिम खांद्यावर डोकं टाकून झोपला, माझा मोजा डोक्यावर. आणि मी, ज्याला दोन मिनिटं एका जागी बसवत नव्हतं, तो हललो नाही. पुढचं मागचं सगळं विसरलो. फार बरं वाटलं. फार.

शनिवारपर्यंत गेलो. रविवारी नाही गेलो, कारण रविवारी बेट, टोंका आणि टोंकाचं वातड मटण. सोमवारी ती माणसं गेली. मी खिडकीत बसून हात हलवला, पोराने मोजा हलवला. आणि मग वाट बघत बसलो तक्रारीची. येणारच! त्यांचं जेवण ओतून दिलंय मी!

बुधवारी नेडाचा फोन. आवाज शाळेतला. "जेर्को, तू काय केलंस त्या लोकांना?"

मी म्हटलं, का? काही लिहिलं का त्यांनी?

"खूप लिहिलंय. घर सुंदर, खिडकीतून दृश्य सुंदर, आणि रोज एक आजोबा येऊन खिडक्या लावतात, रागावतात आणि रस्सा करून जातात, असं आम्हाला आयुष्यात कुणी जपलं नाही. पाच तारे. आणि एक तक्रार आहे."

मी म्हटलं, तक्रार? नक्की? वाच!

"रविवारी आजोबा आले नाहीत."

मी असा उडालो, की डोकं खांबावर आपटलं. म्हटलं, नेडा! तक्रार ती तक्रार! एक जरी आली तर घर माझं, तू शब्द दिला होतास, ये परत! ती काही बोलली नाही. मी म्हटलं ना, ती बोलत नाही तेव्हा... मग म्हणाली, "जेर्को, तक्रार घराबद्दल नाही. तक्रार तुझ्याबद्दल आहे. ती दूर करू. यापुढे रविवारीही जात जा."

झालं! आता घराच्या जाहिरातीत लिहिलंय: थंड हवेचं यंत्र, कपडे धुण्याचं यंत्र, समुद्र जवळ, जेर्को. पुढचे दोन उन्हाळे आरक्षण फुल्ल. तिहाना नकाशावर एक जास्तीचा गोल काढते, आणि म्हणते, "इथे संध्याकाळी रस्सा असतो सर." मलाही दाखवला! फायदा म्हणाल तर एवढाच, की टोंकाचं रविवारचं मटण सुटलं.

रोज संध्याकाळी जातो. माझ्याच दाराची बेल वाजवतो, खिडक्या लावतो, रागावतो, खुर्चीत बसतो. फोटो काढतात. आणि अंधार पडला, पाहुणे जांभया द्यायला लागले की आपलं आपल्याला कळतं. उठतो, सपाता त्यांच्यासाठी ठेवतो, आणि परवा... परवा माझ्याच तोंडून निघालं, "चला, उशीर झाला, घरी जातो." आणि गेलोही! पोट आत ओढून, आडवा होऊन.