कॅटेगरीतली कढई

“शब्द भेटला की आधी त्याला त्याचं गाव विचारावं,” असं आमचे इंग्रजीचे मगदूम सर वर्गात म्हणायचे. पुष्कळ वर्षांनी तोच आवाज सांगली स्टँडवर, साताऱ्याच्या गाडीच्या रांगेत, माझ्यापुढं ऐकू आला. एकट्या पडलेल्या सरांना लेक चंदना कायमचं आपल्या घरी न्यायला आली होती.

“आप्पा, तुमच्या पिशवीत ही कढई? मी सामानाच्या तीन कॅटेगरी केल्या होत्या. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. ही टाकायच्यात होती.”

“कॅटेगरीचं गाव ग्रीस. भर चावडीत एखाद्यावर आरोप ठेवायचा, हा तिचा जुना अर्थ.”

“झाली शाळा सुरू! मग त्याची वर्गवारी कशी झाली?”

“तिथल्या एका तत्त्ववेत्त्यानं केली. कुणाबद्दल काय काय म्हणता येतं, त्याचे प्रकार पाडले. आता सांग, कढईवर आरोप काय?”

“एक कान तुटलाय.”

“माझाबी एक कान गेलाय. मी कुठल्या कॅटेगरीत?”

“न्यायच्या! सगळ्यात वर!”

“तुमच्याकडं जेवण रात्री नऊला.”

“तुम्हाला वाढीन की दिवस मावळायच्या आत, नेहमीसारखं.”

“वाढशील गं. पण जेवणार मी एकटाच.”

“इथं तरी कोण असतं?”

“शेजारचा बाहुबली. रोज आपलं ताट घेऊन येतो.”

“आवं, मग आधी बोलायचं न्हाई व्हय?”

“तू लय हौसेनं पिशव्या भरत होतीस.”

“आप्पा, गाडी लागली.”

“चंदे, मला न्यायच्यातनं काढ. मला यायचं नाही गं.”