मध्ये बोलायचा नंबर

...नाही, पण मी म्हणतो, यंत्रानं माणसाचा अंत पाहावा तरी किती? चार दिवस! चार दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत पालथा पडून मी त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात बॅटरी मारत होतो, गुडघे सोलले, चष्म्याची काडी मोडली, आणि त्यातले दोन दिवस ते आपलं पडद्यावर एकच लिहितंय, 'कार्ड सापडत नाही.' अरे, सापडत नाही म्हणजे? हातभर लांब कार्ड, मी स्वतः तुझ्या बरगड्यांत खुपसलंय, मला दिसतंय, दुरुस्तीला बोलावलेल्या बाईंना दिसतंय, आमच्या हिला दारातून उभ्या उभ्या दिसतंय, आणि तुलाच तेवढं सापडत नाही? हसताय? हसा, हसा. पण आधी ऐकून तर घ्या!

तुम्हाला सांगतो, माझं दुकान दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. सव्वीस वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा अख्ख्या रस्त्यात कुणाकडे नव्हता! पण मला टाइप कुठलं करता यायला? एक अक्षर शोधायचं म्हणजे तांदळातला खडा. तर विकणारा काय म्हणाला, "शेठ, त्यात आवाजाचं कार्ड बसवून घ्या. हा डबा, हा माइक, हा लाल दिवा. दिवा लागला की तुम्ही फक्त बोला." मला 'तुम्ही फक्त बोला' म्हणणारा तो आयुष्यातला पहिला आणि शेवटचा माणूस. घेतलं कार्ड! मी पत्रं बोलून ठेवायचो, आठवड्याला एक टायपिस्ट यायचा, तो ऐकून टाइप करायचा. काय ऐट होती!

तर एक दिवस मी एका कारखान्याला तक्रारीचं पत्र बोलतोय, आणि दादा आत आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दुकानातला बरोबरीचा भागीदार. आता झालं होतं असं की, मी सांगितल्या होत्या निळ्या ताडपत्र्या आणि यानं मागवल्या हिरव्या. दोनशे हिरव्या ताडपत्र्या! मी सकाळपासून तापलेलोच. शब्दानं शब्द वाढला आणि दादा दुकानातून गेला तो गेलाच. महिन्याभरात दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. इकडे मी दोर विकतो, तिकडे तो दोर विकतो. सव्वीस वर्षं बोलणं नाही. अगदीच नड पडली तर गिऱ्हाइकाकरवी निरोप. "जाता जाता शेजारच्यांना सांगा, त्यांची पाटी सुटलीय, कुणाच्या तरी डोक्यात पडेल." त्यावर पलीकडून, "त्यांना सांगा, डोकं असेल त्यानं काळजी करावी."

वाद कशावर? ताडपत्री राहिली बाजूला. दादा जगाला सांगतो, "यानं मला 'चालता हो' म्हटलं." मी म्हणतो, मी कशाला म्हणतोय! तोच म्हणाला, 'मी जातो.' अर्धे नातेवाईक त्याच्याकडून, अर्धे माझ्याकडून. एकदा एक गिऱ्हाईक भांडायला आलं होतं, "वीस हात दोर घेतला, घरी मोजला तर अठराच भरला." मी बघितलं तर त्याचे हात पार गुडघ्यापर्यंत आलेले! ज्याचा हात त्याचं माप, दुसरं काय? पण मी पडलो व्यापारी, मला पक्कं माप लागतं. आणि ते माझ्याकडे होतं. कारण भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मशीन म्हणालं, 'जागा संपली.' तीन मिनिटांच्या पत्राची फाईल झाली होती पन्नास मिनिटांची. म्हणजे लाल दिवा चालूच होता! सगळं भांडण आत होतं!

तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच का नाही ऐकलं? अहो, मी खरं बोलतोय हे मला ठाऊकच होतं, ऐकायचं कशाला? ठेवून दिलं. मशीन माळ्यावर, आणि त्यातलं कार्ड काढून, फडक्यात गुंडाळून कपाटात.

आणि गेल्या महिन्यात एका बुधवारी वहिनी आल्या. फळीला वळसा घालून, रस्त्यावरून, पदरानं घाम पुसत. "भावजी, रविवारी आम्ही लेकीकडे निघालो. समुद्रापलीकडे. कायमचे. आता या वयात पुन्हा येणं होईल असं वाटत नाही. हे स्वतःहून येणार नाहीत, तुम्हीच एकदा या. नुसतं म्हणा, चुकून तोंडून गेलं." मनात आलं, उठावं आणि जावं. पण तोंड काय म्हणालं? "वहिनी, जे गेलंच नाही, ते चुकून कसं जाईल? पुरावा आहे माझ्याकडे! तो ऐकवतो, मग दादा आणि मी भेटू."

आता बसा! चार दिवस हातात, आणि मशीन माळ्यावर.

ही म्हणाली, "अहो, पुरावा कसला उकरताय? फळीवर दोनदा टकटक करा की!" मी म्हटलं, तू गप्प बस, तुला यातलं कळत नाही. ती पुढेही काहीतरी म्हणत होती, पण... असो. ऐकून तर घ्या!

आमच्या मागच्या गल्लीत एक बाई राहतात, पॉलिटेक्निकच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. घरात सोळा जुने कॉम्प्युटर, नवऱ्याला बसायला जागा नाही. त्यांना बोलावलं. मी म्हटलं, "सोपं आहे ना? फाईल काढायची, नव्या कॉम्प्युटरवर वाजवायची." बाईंनी फाईल काढली, नव्याला दिली. नवा म्हणाला, ओळखत नाही. बाई म्हणाल्या, "हे कार्ड आवाज स्वतःच्या पद्धतीनं आवळून ठेवतं. ते सोडवणारी चिप याच कार्डावर आहे. ही फाईल वाजेल तर याच कार्डावर." म्हणजे जगात हजार कुलपं असतील, माझ्या कुलपाची किल्ली एकच, आणि ती सव्वीस वर्षं फडक्यात!

पहिला दिवस गेला मशीनला शुद्धीवर आणण्यात. आतला सेल मेलेला, त्यामुळे रोज सकाळी ते सगळं विसरायचं. आज तारीख काय, आपल्या पोटात डिस्क आहे की नाही, काही काही आठवत नाही. आम्ही दोघं उशाशी बसून त्याला ओळख पटवून देतोय, बाबा रे, तू अमका, तुला इतकी डिस्क. दुसरा दिवस फ्लॉपीचा. कार्डाचा प्रोग्रॅम तीन फ्लॉप्यांवर, आणि दुसऱ्या फ्लॉपीवर मी अकरा वर्षं चहाचा कप ठेवला होता. मला काय ठाऊक? चौकोनी होती, कपाला बरोबर बसायची! बाईंनी तिचं कवच उघडलं, आतली चकती कापूस आणि स्पिरिटनं अशी पुसली की तान्ह्या बाळाचं अंग पुसावं. सतराव्यांदा वाचली गेली. आणि इकडे आम्ही श्वास रोखून बसलोय तर फळीच्या पलीकडून आवाज... खर्रर्र! चिकटपट्टी ओढल्याचा. दादा खोकी बांधत होता.

तिसऱ्या दिवशी कार्ड सापडलं! मी नाचलो. वाजवा म्हटलं. एक 'टिर्रर्र', आणि सगळं जागच्या जागी थिजलं. पुन्हा चालू, पुन्हा 'टिर्रर्र'. दिवसभर तेच. पलीकडे खर्रर्र, अलीकडे टिर्रर्र. मी कपाळ बडवून घेतलं. बाई मात्र शांत. कार्ड उपसून म्हणाल्या, "तरीच! कॉम्प्युटरमध्ये प्रत्येकाला मध्ये बोलायचा एक नंबर दिलेला असतो. प्रिंटरचा सात. तुमच्या या कार्डालाही कुणीतरी सातच देऊन ठेवलाय. दोघं एकदम मध्ये बोलतात, मग मशीन कुणाचंच ऐकत नाही, बधिर होतं." मी म्हटलं, "मग बाई, एकाला गप्प करा ना!" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ही दारात फिस्सकन हसली. हसण्यासारखं काय होतं, सांगा!

नंबर बदलायचा म्हणजे कार्डावरची मसुराएवढी टोपी काढून शेजारच्या काड्यांवर बसवायची. शनिवारी सकाळी मी काढायला गेलो आणि ती उडाली. दोराच्या दुकानात! जमिनीवर सव्वीस वर्षांचा सुतळीचा भुसा! मी रांगतोय, बाई रांगतायत, मी अक्षरशः रडकुंडीला आलो, म्हटलं, संपलं, उद्या विमान जाणार आणि आम्ही दोघं भाऊ आपापलं खरं घेऊन मरणार. तेवढ्यात ही पदर खोचून आली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुमच्या कोपराला चिकटलीय."

टोपी बसवली. प्रिंटर सात, कार्ड पाच. बाईंनी बटण दाबलं...

आणि माझा आवाज आला. तरुण, खणखणीत. 'महाशय, आपण पाठवलेला दोर हा दोर नसून...' मी हिच्याकडे ऐटीत बघितलं. मग दार वाजलं. दादा म्हणाला, 'अरे, जरा...' आणि मी सुरू झालो. हिरव्या ताडपत्रीपासून जो निघालो, तो दादानं लहानपणी माझी सायकल पंक्चर केली तिथपर्यंत. मध्ये मध्ये, मी श्वास घेईन तेवढ्या फटीत, दादाचा आवाज, 'अरे, ऐकून तर घे...' पुन्हा मी. पुन्हा, 'अरे, ऐकून तर घे...' ही बोटांवर मोजत होती. अकरा वेळा. आणि मग... 'चालता हो!' खणखणीत. पुढे माझं नेहमीचं खाकरणं. तो आवाज मी नाकारू कसा? आणि पाठोपाठ दार आपटलं.

पण ऐका, दार आपटून बाहेर गेलो होतो मी. दादा आतच होता. मग पावलं जवळ आली आणि अगदी माइकपाशी दादा हळूच म्हणाला, 'तुझा लाल दिवा चालू राहिलाय रे. पत्रात सगळं भांडण जाईल. तेच सांगत होतो.' मग म्हणाला, 'बंद कसा करतात कोण जाणे.' आणि मग फडफड... मग तळवा फिरवल्याचा आवाज... पुन्हा फडफड. ताडपत्रीची घडी घालतानाचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मी विस्कटून टाकलेल्या ताडपत्र्या तो एकेक करून घडी घालत होता. जागा संपेपर्यंत तेवढंच.

बाई म्हणाल्या, "पुन्हा लावू?" मी म्हटलं, नको.

उठलो. फळीला वळसा घातला, बारा पावलं लागतात. दादा एका खोक्यावर बसला होता, हातात चिकटपट्टी. केस पार पांढरे. मी तोंड उघडलं. मिटलं. समोरच्या खोक्यावर बसलो. एक मिनिट झालं, दोन झाली. दादानं माझ्याकडे नीट बघितलं, उठला, माझ्या कपाळाला हात लावला आणि आत वळून ओरडला, "अगं, इकडे ये आधी! याला काहीतरी झालंय, हा गप्प बसलाय!"

आणि मग दादा बोलायला लागला. तुम्हाला सांगतो, मला माहीतच नव्हतं, हा माणूस माझ्याहून बोलका! सव्वीस वर्षांचं साठलेलं. वहिनींनी दोनदा चहा केला, तो दोनदा निवला. मधे मी एकदा धीर करून म्हटलं, "दादा, ते 'चालता हो', ऐकून तर घे..." त्यानं हात केला, "थांब रे, मध्ये बोलू नकोस." रविवारी विमानतळावर तेच. काचेच्या पलीकडूनही त्याचे ओठ हलत होते.

आता रोज फोन येतो. तास-तासभर. तिथला पाऊस, तिथली भाजी, जावयाचं घोरणं. मी 'हं' म्हणतो. माझी माफी आपली तोंडातल्या सुपारीसारखी या गालातून त्या गालात. शेवटी काल म्हटलं, बोलून ठेवू आणि पाठवून देऊ. जुनं मशीन लावलं, लाल दिवा लागला, तीन मिनिटांत सगळं बोलून मोकळा झालो. किती हलकं वाटलं! बाईंना म्हटलं, दादाला धाडा. बाई म्हणाल्या, "धाडते. पण ही फाईल वाजेल याच कार्डावर."

म्हणजे ऐकायची तर दादाला इथवर यावं लागणार. एवढंच त्याला फोनवर सांगायचंय... मध्ये बोलायचा नंबर लागला, की सांगतो.