मंजिरीचं बिऱ्हाड हललं

...आणि टेम्पोत सगळं मावलं हो! पलंग मावला, शिवणयंत्र मावलं, शुभदाचं तुळशीचं डबडंसुद्धा मावलं... साडेतीन वर्षांची मंजिरी तेवढी बसेना! सुरेंद्रनं उचलून कोंबली, तर ही हात बाहेर काढून ओरडतेय, "गोजाआजी, तू पण ये ना!" तुम्हाला सांगतो, सामान हलतं हो, पोर हलत नाही!

बाप सुरेंद्र कंपनीत सुपरवायझर, आई शुभदा शाळेत बाई. दापोडीला गोजाबाईंच्या घरात एक खोली भाड्यानं. दोघं कामाला गेली की पोर घरमालकिणीच्या कडेवर; जेवण, झोप, सगळं तिथंच. मग एकोणऐंशीत निगडीला प्राधिकरणाच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. स्वतःचा नळ! स्वतःचा संडास! सुरेंद्रला वाटलं, जिंकली लढाई. आणि पोर? जेवेचना! "आजी भरवेल." एवढंच. शेजारीण म्हणते, "अहो, भूक लागली की खाईल हो!" डॉक्टर म्हणतात, "टॉनिक द्या!" दिलं. थुंकली! पंधरा दिवसांत बरगड्या दिसायला लागल्या, आणि शुभदा नव्या नळाखाली भांडी घासताना रडायची. सामान हलतं हो...

शेवटी सुरेंद्र दापोडीला गेला. गोजाबाईंसमोर उभा राहिला. म्हातारीनं चेहरा बघितला, चुलीवर पाणी मारलं, "चला."

आठ दिवस राहिली. पहिल्या दिवशी दूधभाकरी स्वतः भरवली. दुसऱ्या दिवशी त्यातला एक घास शुभदाच्या हातून, मग दोन, मग चार... नवव्या दिवशी पिशवी उचलली.

स्टॉपवर सुरेंद्रनं विचारलं, "आता परत कधी?"

"आता न्हाई. मी येत ऱ्हायले तर पोर वाटंकडं डोळं लावून बसंल. तुमीबी तिला आनू नगा, वरीसभर तरी." बस आली, चढली. मागं बघितलं नाही हो! सुरेंद्र मात्र तिथंच खिळला, शिफ्ट चुकली तरी.

वर्ष सरलं. तिघं दापोडीला गेली. गोजाबाई दारातच, दोन्ही हात पसरून! आणि मंजिरी... आईच्या पदराआड. "आई, ही आजी कोण?"

सुरेंद्रला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तुम्ही काय बोलला असता?

गोजाबाईंनी पसरलेले हात सावकाश खाली घेतले, लुगड्याला पुसले.

"रुळली म्हनायची," म्हणाल्या. "बसा, च्या ठिवते."