रिकाम्या वर्षाचा जाब

समारंभाचे अध्यक्ष फादर ओनोफ्रे, अधिष्ठाता महोदया, आजचे सत्कारमूर्ती डॉ. फाउस्तो देलगारा, आणि ‘पदवीनंतरचं हे एक वर्ष कुठे वाया घालवलंत?’ या प्रश्नाने ज्यांना याच कॉलेजच्या मुलाखतीत घाम फुटला, अशा इलोइलोतल्या माझ्या सर्व डॉक्टर मित्रमैत्रिणींनो!

हसलात? हसा. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

उद्या निवृत्त होणाऱ्या सरांनी इतकी वर्षं प्रवेशाची निवड समिती चालवली. त्यांच्या शिस्तीचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलं, मीही करते. माझ्या मुलाखतीत सरांनी हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, “बांताय होते, सर. सरकारी दवाखान्यात, वडिलांच्या खाटेपाशी, रात्रंदिवस त्यांचं सगळं करायला. यंत्र मिळालं नाही, म्हणून मी आणि भाऊ आळीपाळीने रबरी पिशवी दाबून त्यांना श्वास देत होतो.”

सर म्हणाले, “खाटेपाशी तर आमची मोलकरीणही बसते. काम काय केलंत?”

मला घरी पाठवलं. मग मी एका प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या आणि पुढच्या मुलाखतीत त्याला ‘संशोधन’ म्हटलं. सर प्रसन्न! लगेच प्रवेश.

असो. माझं जाऊ द्या. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने सगळ्या खोल्या भरल्या होत्या, म्हणून शस्त्रक्रियेनंतर सरांना माझ्या वॉर्डात खाट मिळाली. घाबरू नका सर, आजार सांगत नाही. जेवण कोणी भरवलं, एवढंच सांगते. नर्सने विचारलं, “बांताय कोण?” सरांसोबत कोणीच नव्हतं. पत्नी देवाघरी, दोन्ही मुलं शिकागोला. बांतायशिवाय आपल्या वॉर्डात पाणी कोण देणार, कुशीवर कोण वळवणार?

शेजारच्या खाटेवर एक आजी होती. तिची नात जेरलिन लुगावची, तांदळाच्या पेजेची, वाटी घेऊन उठली. “लोलो, आ करा,” ती आजोबांना म्हणावं तसं म्हणाली.

“मी लोलो नाही. डॉक्टर आहे.”

“मग काय झालं? डॉक्टरांना भूक लागत नाही? आ करा, गार होतंय.”

वाटी रिकामी झाली. सर घरी जाईपर्यंत रोज झाली.

आजी गेली. या मार्चमध्ये जेरलिन आपल्याकडे मुलाखतीला आली. समितीत शेवटच्या खुर्चीवर मी होते. सरांनी मान खाली घालूनच विचारलं, “मधलं वर्ष रिकामं का?” ती म्हणाली, “लोलाची, माझ्या आजीची, बांताय होते, आणि...” सर म्हणाले, “पुढचा उमेदवार.” मी हात वर केला, तर मला उत्तर मिळालं, “डॉक्टर, इथे भावना नकोत.”

सर, एकदा मान वर केली असती, तर तो चेहरा तुम्ही ओळखला नसता?

मी तिच्यामागे बाहेर धावले. “अगं, सांगितलं का नाहीस त्यांना?”

तर ती म्हणाली, “शी, डॉक! ते लुगावचे पैसे मागितल्यासारखं झालं असतं.”

केलेला उपकार आपल्याकडे तोंडाने बोलून दाखवत नाहीत. तिने रीत पाळली. मी आज ती मोडते आहे, तीही तुमच्याच हारतुऱ्यांच्या दिवशी, आणि मला त्याचा आनंद होतो आहे. इतकी वर्षं या दिवसाचीच तर वाट पाहत होते!

संयोजकांनी मला माइक दिला, त्यांचे आभार. पुढच्या वर्षी बहुधा देणार नाहीत. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहाने मला क्षमा करावी. सरांकडे मी क्षमा मागत नाही.

सर, उद्या सकाळपर्यंत निवड समितीचे अध्यक्ष तुम्हीच आहात. समितीचे सगळे सदस्य पहिल्या रांगेत आहेत, आणि जेरलिनला मी तिसऱ्या रांगेत आणून बसवलं आहे. हा माइक घ्या. खाली उतरा, तिच्यासमोर उभे राहा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी मान वर ठेवा, आणि तिचं उत्तर संपेपर्यंत ऐका.