चहात मीठ

अर्धांगवायूनंतर बोलणं परत शिकवतात, त्या खोलीबाहेर एक निवृत्त प्राध्यापक आणि एक शिवणकाम करणाऱ्या बाई बसल्या होत्या. प्राध्यापकांची बायको आणि बाईंचा नवरा आत होते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका विमा एजंटाने तोंडासमोर पेपर धरला होता, पण पान मघापासून उलटलं नव्हतं.

"आज सकाळी ही बोलली, ताई. इतक्या महिन्यांनी पहिला शब्द."

"अगंबाई! काय म्हणाल्या?"

"गाढव."

"कुणाला?"

"घरात मी एकटाच होतो. चहात साखरेऐवजी मीठ पडलं माझ्याकडून."

"मग?"

"मग काय! जन्मभर देवाची टिंगल केलेला माणूस मी, ओट्यापाशीच हात जोडले. आभार कुणाचे मानायचे ते ठाऊक नव्हतं, म्हणून वर बघून मानले."

"वर कोण होतं?"

"एक्झॉस्ट फॅन."

"सर, आमचे हे अजून गप्पच आहेत. एक शिवी हासडली तरी जन्मभर उपकार मानीन. मी मुद्दाम मीठ टाकलं तर?"

"छे हो, माझी खरीच चूक होती. देवाला सगळं कळतं म्हणतात."

"सकाळीच तर रुजू झालाय तुमच्याकडे. एवढ्यात कुठलं कळतंय त्याला!"